शून्याचीही नोंद हवी

सूर्यबिंबावर डाग असतात ही गोष्ट आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस आहे. काही ठिकाणी सूर्याचे चुंबकीय बल फार प्रबळ होते आणि आतील उष्णतेला वर येऊ देत नाही. तेवढा भाग दीडदोन हजार अंशांनी थंड राहतो व भोवतालच्या तेजाच्या तुलनेने काळा दिसतो. यांतील मोठ्या डागात आपली पृथ्वी सहज मावून जाईल. या डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. काही वर्षी सूर्यबिंब डागांनी भरलेले असते, तर काही वर्षी आठवडेच्या आठवडे ते स्वच्छ असते.

हे डाग रोज मोजणारी हौशी माणसे जगात पुष्कळ आहेत. त्यांत रेडिओचा छंद असलेल्यांचा एक मोठा वर्ग आहे. अशा छंदाला काय लागते, असे विचारले तर बहुतेक लोक दुर्बीण, चांगली दृष्टी आणि सवड यांची नावे घेतील. या गोष्टी लागतात हे खरे. परंतु त्यांहूनही मोलाची अशी एक साधी सवय आहे. ज्या दिवशी पाहूनही डाग दिसला नाही, त्या दिवसापुढे शून्य लिहायचे. आणि ज्या दिवशी पाहिलेच नाही, त्या दिवसापुढे शून्य लिहायचे नाही. ‘दिसले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो फरक जो पाळतो त्याची वही शास्त्राच्या उपयोगी पडते. जो पाळत नाही त्याचे कित्येक वर्षांचे श्रम वाया जातात.

या सवयीचे उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीतील डेसाऊ गावचे औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे. बुधाहूनही सूर्याला जवळ असा एखादा ग्रह असावा, अशी त्या काळी समजूत होती. तो सूर्यबिंबावरून सरकताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, असे श्वाबे यांना वाटले. खरे डाग आणि ग्रहाचा ठिपका यांत घोटाळा होऊ नये म्हणून १८२६ सालापासून ते नियमाने डागांची नोंद करू लागले. तो ग्रह त्यांना सापडला नाही, कारण तसा ग्रहच नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या नोंदी समोर मांडल्यावर डागांच्या चढउताराचा क्रम त्यांच्या ध्यानात आला. हा काळ सुमारे दहा वर्षांचा असावा, असे त्यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या लेखात सांगितले.

त्या लेखातील कोष्टक आजही अभ्यासण्यासारखे आहे. त्यात प्रत्येक वर्षापुढे तीन आकडे आहेत: डागांचे समूह किती दिसले, डागरहित दिवस किती होते, आणि मुळात निरीक्षण किती दिवस झाले. १८३३ साली श्वाबे यांनी २६७ दिवस सूर्य पाहिला. त्यांपैकी १३९ दिवस तो स्वच्छ होता आणि वर्षभरात केवळ ३३ समूह दिसले. १८३७ साली त्यांना १६८ दिवसच सूर्य पाहता आला; तरी ३३३ समूह दिसले आणि डागरहित दिवस एकही नव्हता. शेवटचे दोन आकडे त्यांनी लिहिले नसते तर १८३३ साली समूह कमी दिसले ते सूर्य शांत होता म्हणून, की निरीक्षकाने आळस केला म्हणून, हे कोणाला कळले असते? श्वाबे यांचे म्हणणे प्रारंभी फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे त्याचे महत्त्व पटले आणि १८५७ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. एका औषधविक्रेत्याला हा मान मिळाला तो त्याने किती पाहिले यासाठी जितका, तितकाच पाहिलेले किती प्रामाणिकपणे लिहिले यासाठीही होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

श्वाबे यांच्या कामाने प्रभावित होऊन स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ वोल्फ यांनी डाग मोजण्याची एक रीत ठरवली. समूहांच्या संख्येला दहाने गुणायचे आणि त्यात सुट्या डागांची एकूण संख्या मिळवायची. बिंबावर तीन समूह आणि त्यांत मिळून चौदा डाग असतील, तर तीस अधिक चौदा म्हणजे चव्वेचाळीस हा त्या दिवसाचा अंक. कोणाची दुर्बीण मोठी, कोणाची लहान. कोणाची नजर तीक्ष्ण, कोणाची मंद. म्हणून प्रत्येक निरीक्षकासाठी एक गुणक ठरवतात व त्याने हा अंक गुणतात. या रीतीत एक गंमत आहे. बिंबावर एकच डाग असेल तर तोच एक समूह आणि तोच एक डाग. म्हणजे अंक झाला अकरा. एक ते दहा हे अंक मूळ मोजणीत येतच नाहीत; शून्यावरून एकदम अकरावर उडी पडते. शून्य लिहिणाऱ्याची जबाबदारी किती मोठी आहे हे यावरून कळेल. एक बारीकसा डाग नजरेतून निसटला, तर चूक एकाची होत नाही, अकराची होते.

न पाहिलेल्या दिवसांना शून्य मानले तर काय घडते, याचा धडा शास्त्रज्ञांनाही एकदा मिळाला आहे. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर फारच थोडे डाग दिसले. डग्लस हॉइट आणि केनेथ शॅटन या दोन संशोधकांनी मोठ्या परिश्रमाने जुने दप्तर धुंडाळून १९९८ साली डागांच्या समूहांची एक विस्तृत सूची प्रसिद्ध केली. जुन्या ग्रंथांत कोठे कोठे ‘अमुक काळात डाग दिसले नाहीत’ असे मोघम विधान होते. अशा विधानांवरून त्या काळातील प्रत्येक दिवसापुढे सूचीत शून्य मांडले गेले. प्रत्यक्षात त्यांतील कित्येक दिवशी कोणी सूर्याकडे पाहिले होते, असा पुरावा नव्हता. पुढील अभ्यासकांनी ती शून्ये वेगळी काढली. तो काळ डागांच्या दुष्काळाचा होता हा निष्कर्ष कायम राहिला. परंतु पूर्वी वाटले होते तितके ठामपणे त्या काळाबद्दल बोलता येत नाही, हे स्पष्ट झाले. जुन्या निरीक्षकांनी ‘आज पाहिले, डाग नाही’ एवढे चार शब्द रोज लिहिले असते, तर तीनशे वर्षांनंतरच्या माणसांचे केवढे श्रम वाचले असते!

रेडिओचा छंद असलेल्या माणसाला सूर्यावरील डागांशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. त्याचे उत्तर आकाशात आहे. जमिनीपासून सुमारे साठ किलोमीटर उंचीवर सुरू होऊन काही शे किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या विरळ हवेत सूर्याचे अतिनील व क्ष-किरण अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे करतात. या विभागाला आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लघुलहरी त्यावरून परत फिरतात आणि पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून हजारो किलोमीटर दूर उतरतात. डाग वाढले की सूर्याचे हे किरण वाढतात, सुटे इलेक्ट्रॉन अधिक होतात आणि अधिक कंपनसंख्येच्या लहरीही परत फिरू लागतात. अशा वर्षी दहा मीटर लांबीच्या लहरींवर अगदी थोड्या शक्तीचे यंत्रदेखील समुद्रापलीकडे बोलते. डाग घटले की त्याच लहरी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात आणि ग्राही यंत्रात नुसती खरखर उरते. म्हणून रेडिओचा छंदिष्ट एका हाताने सूर्याचे डाग मोजतो आणि दुसऱ्या हाताने ऐकू आलेल्या केंद्रांची नावे लिहितो.

या दुसऱ्या वहीत शून्याचा प्रश्न अधिकच नाजूक असतो, कारण शांतता अनेक प्रकारची असते. लहर परत येत नसेल, तर शांतता. लहर येऊ शकते, पण त्या वेळी कोणी बोलतच नाही, तरीही शांतता. आकाशकांबीची तार सुटली असेल, तरीही शांतताच. कित्येकदा असे होते, की दहा ठिकाणचे दहाजण नुसते कान लावून बसतात, कोणीच प्रक्षेपण करीत नाही, आणि ‘आज आकाश बंद आहे’ असे म्हणून सारेच यंत्र मिटतात. आकाश उघडेच असते. हाक कोणी मारलेली नसते. ही अडचण ओळखून हौशी मंडळींनी एक सुंदर योजना आखली. श्रीलंका, जपान, केनिया, अर्जेंटिना अशा अठरा ठिकाणांहून ठरलेल्या कंपनसंख्येवर पाळीपाळीने दहा-दहा सेकंद संकेत पाठवायचे. तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र आपले नाव सांगते आणि मग १००, १०, १ व ०.१ वॅट अशा उतरत्या शक्तीचे चार दीर्घ ध्वनी सोडते. आता ऐकणाऱ्याला कळते, की या क्षणी अमुक दिशेकडून हाक यावयाची आहे. ती आली तर किती शक्तीपर्यंत ऐकू आली, आणि नाही आली तर खरोखरच आली नाही, असे त्याला लिहिता येते. त्याच्या शून्याला अर्थ येतो.

‘पाहिले नाही’ याला ‘नाही’ समजण्याची चूक रेडिओच्या इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर घडली होती. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि खाजगी हौशी केंद्रांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर बसवण्यात आले. दूरच्या संदेशासाठी लांब लहरीच हव्यात, आखूड लहरी निरुपयोगी, असे तेव्हा जाणकारही मानीत. त्या फार दूर जातात की नाही, हे नीट तपासून मात्र कोणी पाहिले नव्हते. हौशी मंडळींनी ते पाहिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथून लेऑन देलोय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे शंभर मीटरांच्या लहरींवर अटलांटिक महासागर ओलांडून परस्परांशी संभाषण केले. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यामधील हौशी केंद्रे एकमेकांशी बोलली. अडगळीत टाकलेल्या त्या लहरींवरूनच पुढे देशोदेशींच्या नभोवाणीचे परदेशी कार्यक्रम जगभर गेले.

कधी कधी तर शांतता हीच बातमी असते. सूर्यावरील डागांच्या समूहाजवळ अचानक प्रचंड ज्वाला भडकते. तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात, आयनांबराच्या खालच्या थरात इलेक्ट्रॉनांची दाटी होते, आणि जेथे दिवस असतो तेथे लघुलहरी तो थर शोषून टाकतो. चालू असलेली केंद्रे एकाएकी बुडतात व काही मिनिटांनी किंवा तासाभराने हळूहळू परत येतात. ज्याच्या वहीत रोजच्या वेळांची नोंद आहे, तोच अशा वेळी ‘१० वाजून २० मिनिटांनी सर्व केंद्रे गेली’ असे आत्मविश्वासाने लिहू शकतो. इतरांना वाटते, यंत्र बिघडले.

याच्या उलट, गोंगाटाचेही कारण सूर्य असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस, ब्रिटनमधील रडार यंत्रांमध्ये तीव्र खरखर सुरू झाली. शत्रूने मुद्दाम अडथळा आणला, असा संशय येणे स्वाभाविक होते. जेम्स स्टॅन्ली हे या शास्त्रज्ञाकडे तपास आला. खरखरीची दिशा सूर्याबरोबर सरकते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ग्रिनिचच्या वेधशाळेकडे चौकशी केली, तेव्हा डागांचा एक मोठा समूह त्याच दिवशी सूर्यबिंबाच्या मध्यभागातून जात असल्याचे समजले. सूर्य रेडिओ लहरी सोडतो, हे ज्ञान मानवाला त्या तपासातून झाले. युद्धाच्या धामधुमीतही वेधशाळेत कोणीतरी रोजची नोंद ठेवीत होते, म्हणून त्या प्रश्नाला उत्तर मिळाले.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीही एक नोंद आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या वेधशाळेत सूर्यबिंबाची आकृती पडद्यावर पाडून डाग रेखाटत होते. एकाएकी डागांवर लखलखीत प्रकाश चमकून गेला. साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. अनेक देशांत तारायंत्रे बिघडली. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकसूचीची वाचने माणसे डोळ्यांनी पाहून वहीत लिहीत. छायाचित्रे घेणारी यंत्रे तेथे नंतर आली. एरवी ही वाचने तासातासाने घेत. वादळाच्या वेळी ती पाच-पाच मिनिटांनी घेतली गेली. १४४ वर्षांनी, २००३ साली, अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर अजमावला. हे वादळ इतिहासातील अत्यंत प्रबळ वादळांपैकी एक ठरले. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली गेली आणि तेथील नोंद आजवर चालू आहे. वादळाचे ते एक पान मौल्यवान ठरले खरे. पण त्याआधीची शेकडो शांत पाने लिहिली नसती, तर नेहमीची पातळी कोणती आणि वादळाची कोणती हे कळलेच नसते.

यावर कोणी म्हणेल, की आता कृत्रिम उपग्रह अहोरात्र सूर्याची छायाचित्रे घेतात. भारताचे आदित्य-एल१ हे यानही जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर राहून सूर्याचे निरीक्षण करीत आहे. मग गच्चीवरील छोट्या दुर्बिणीची मातब्बरी ती काय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु डागांची नोंद चारशे वर्षांची आहे, आणि उपग्रहांचे आयुष्य काही वर्षांचे असते. कालची नोंद आणि आजची नोंद एकाच मापाने मोजलेली असेल, तरच त्यांची तुलना होते. गॅलिलिओच्या काळापासून आलेला हा धागा छोट्या दुर्बिणींनी आणि माणसांच्या डोळ्यांनी विणलेला आहे. म्हणूनच ज्या बेल्जियमच्या राजवेधशाळेत १९८१ पासून जगाचा डागांक काढला जातो, तेथे आजही देशोदेशीच्या निरीक्षकांच्या नोंदी जमा होतात व त्यांत हौशी लोक पुष्कळ आहेत. जपानच्या हिसाको कोयामा यांनी हौशी निरीक्षक म्हणून प्रारंभ करून चाळीस वर्षांहून अधिक काळ सूर्याची चित्रे काढली. त्यांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. २०१५ साली जुन्या डागांकांची फेरतपासणी झाली, तेव्हा या एकाच हाताच्या, एकाच पद्धतीच्या नोंदींचा शास्त्रज्ञांना फार मोठा आधार झाला.

या छंदाला मर्यादाही आहेत, आणि त्या ओळखणे हा छंदाचाच भाग होय. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून थेट कधीही पाहू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली दुर्बिणीतून येणारे बिंब पांढऱ्या कागदावर पाडावे आणि कागदाकडे पाहूनच डाग मोजावेत. रेडिओवर ऐकणे सोपे आहे; प्रक्षेपणाला मात्र सरकारी परवाना लागतो. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने सूर्य ढगांआड असतो. त्या दिवसांत वहीत ‘ढग’ असा शब्द लिहावा, शून्य लिहू नये. लघुलहरींना ढगांचा अडसर नसतो, त्यामुळे रेडिओची वही तेव्हाही चालू राहते. फक्त विजा कडाडू लागल्या की आकाशकांबीची जोडणी काढून ठेवावी व त्या वेळेपुढे ‘ऐकले नाही’ असे लिहावे. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, साधन आणि अंक एवढे पाच रकाने पुरतात.

सूर्य डागांनी भरलेला असताना, दूरदेशीची केंद्रे घरात बोलत असताना, उत्साह कोणालाही येतो. २००८, २००९ आणि २०१९ या वर्षांत निम्म्याहून अधिक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. त्या काळात रोज सकाळी कागदावर स्वच्छ बिंब पाडून, ते बारकाईने न्याहाळून, पुन्हा एकदा शून्य लिहिणाऱ्याची खरी कसोटी लागली. त्याला कोणी शाबासकी दिली नसेल; तरी पुढील चक्राचा प्रारंभ डिसेंबर २०१९ मध्ये झाला हे शास्त्रज्ञांना ठरवता आले ते अशाच शून्यांच्या भरवशावर. काही न घडलेला दिवसही नीट पाहिलेला असला म्हणजे ज्ञानात भर घालतो. जेथे पाहिले नाही ती जागा रिकामी सोडण्याचे धैर्य आणि जेथे पाहिले तेथे शून्यही निःसंकोचपणे लिहिण्याचा प्रामाणिकपणा, हे दोन गुण ज्याने अंगी बाणवले, त्याची साधी रुळांची वहीदेखील वेधशाळेच्या दप्तरात मानाने ठेवण्याजोगी होते.